टाकीवरची पावसाळी रात्र : एअरब्रशसाठी रंग निवडतानाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगर भागातील एका लहान वर्कशॉपमधले आहे. वर्कशॉप माझेच असल्यामुळे त्यातल्या चुकाही बहुतांशी माझ्याच आहेत; इतर माणसांची नावे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील मात्र वगळले आहेत. आमचे मुख्य काम डेंटिंग-पेंटिंगचे. पत्र्याचा शेड, दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर, भिंतीत बसवलेला एक मोठा एक्झॉस्ट पंखा आणि शेडला लागून एसी असलेली दहा बाय बाराची ऑफिसची खोली, एवढाच आमचा पसारा. रंग तापवून पक्का करणारा बूथ आमच्याकडे नव्हता आणि आजही नाही.

रंगाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना सगळे मामा म्हणतात. तीस वर्षे त्यांच्या हातात स्प्रे गन आहे आणि डब्याचे झाकण उघडून नुसत्या वासावरून ते थिनरमधली, म्हणजे रंग पातळ करणाऱ्या द्रावकातली, भेसळ ओळखतात. एअरब्रशचे, म्हणजे बारीक फवाऱ्याच्या छोट्या गनने चित्र काढण्याचे, काम आम्ही या प्रकरणाच्या वर्षभर आधी सुरू केले, ते एका तरुण चित्रकारामुळे. त्याने कलाशाळेत पदविका घेतली होती, गणेश मंडळांचे देखावे आणि शाळांच्या भिंती रंगवल्या होत्या, आणि त्याचा हात पाण्यात कालवायच्या ॲक्रिलिक रंगांवर बसला होता. मामांचा हात बसला होता तो थिनरवर. पुढे जे मतभेद झाले, त्यांचे मूळ बरेचसे इथेच होते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिशीतला एक ग्राहक आपली ३५० सीसीची काळी बुलेट घेऊन आला. दरवर्षी जुलैमध्ये निघणाऱ्या पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमण मोहिमेत त्याचा गट चालणाऱ्यांचे सामान गाडीवरून पुढे पोचवतो. त्याला पेट्रोलच्या टाकीवर १६६० सालच्या १२ आणि १३ जुलैमधली ती रात्र हवी होती, म्हणजे सिद्दी जौहरचा वेढा, पन्हाळ्याचा उतार, पाऊस, धुके आणि मशाली. "दादा, बघणाऱ्याला भिजल्यासारखं वाटलं पाहिजे," असे त्याने सांगितले, आणि ११ जुलैच्या संध्याकाळी गाडी हातात हवी, हेही त्याच दमात सांगितले.

सुरुवातीला त्याच्या मनात मध्यभागी महाराजांची पालखी आणि महाराजांचा चेहरा होता. मामांनी ते तिथल्या तिथे मोडून काढले. टाकीला चालवणाऱ्याचे गुडघे लागतात, चढता-उतरताना बूट लागतो, तिथे महाराजांना बसवायचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ग्राहकाला ते लगेच पटले. निर्णय श्रद्धेचा होता, पण त्याचा परिणाम रंगाच्या निवडीवरही झाला. चेहऱ्याला ठाशीव, झाकणारे रंग आणि बारीक रेषा लागल्या असत्या. आता चित्रात राहिले ते डोंगर, धुके आणि उजेड, म्हणजे मागचे दिसू देणारे, एकावर एक चढत जाणारे विरळ थर. आरसीवर गाडीच्या रंगाची नोंद असते, त्यामुळे मूळ काळा रंग मुख्य ठेवायचा आणि चित्र त्याच काळ्यातून उगवल्यासारखे काढायचे, हेही त्याच दिवशी ठरले.

अडचण

गाडीवरच्या चित्राला कॅनव्हासवरच्या चित्रापेक्षा बरेच जास्त सोसावे लागते. पंपावर नोझल बाहेर काढताना पेट्रोलचे दोन थेंब झाकणाशेजारी पडतातच, आणि आजच्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, जे स्वतःच अनेक रंगांचे द्रावक आहे. उन्हात काळी टाकी हात ठेववणार नाही इतकी तापते, पावसात क्षणात थंड होते, आणि गुडघे रोज घासतात ते वेगळेच. हे सगळे सोसण्याचे काम वरच्या क्लिअरच्या, म्हणजे बिनरंगी पारदर्शक, थराचे असते. परंतु खालचा रंग क्लिअरशी न जुळणारा निघाला, तर वरचा थर कितीही चांगला असून उपयोग नसतो.

दुसरी अडचण हवेची होती. जूनअखेरीला कोल्हापूरची हवा म्हणजे ओले पोतेच. तीनएकशे रुपयांचा आर्द्रतामापक आणून शेडमध्ये टांगला, तेव्हा सकाळी काटा ९१ टक्क्यांवर होता. तिसरी अडचण टाकीच्या इतिहासाची. ग्राहकाने गाडी जुनी घेतली होती आणि आधीच्या मालकाने टाकी एकदा रंगवून घेतल्याचे त्याला फक्त ऐकून माहीत होते. कोणत्या रंगाने रंगवली, त्याखाली काय आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. हातात दिवस होते वीसच.

विचारात घेतलेले पर्याय

आपल्याकडे गाडीच्या रंगकामाला सर्रास ड्युको म्हणतात. ते मुळात ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज रंगाचे व्यापारी नाव. १९२० च्या दशकात तो मोटारींवर आला आणि व्हार्निशचे थर वाळण्यात जाणारे आठवडे वाचले. गॅरेजच्या भाषेत तोच एनसी. मामांची पहिली पसंती सवयीने त्यालाच होती : मिनिटांत वाळतो, कुठल्याही दुकानात मिळतो, चूक झाली तर घासून पुन्हा मारता येतो. पण एनसीचे वाळणे म्हणजे केवळ थिनर उडून जाणे असते. त्यात कसलीही रासायनिक बांधणी होत नाही, म्हणून वर्षांनंतरही थिनर लागला की तो पुन्हा विरघळतो. एअरब्रशच्या कामात याचा अर्थ असा की प्रत्येक नवा थर आधीच्या थराला थोडा खातो आणि धुक्यासारख्या विरळ छटा एकमेकींत मळतात. शिवाय दमट हवेत त्याच्यावर पांढरी झाक येते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतले बाष्प त्यावर धरते आणि चुना फासल्यासारखा रंग दिसू लागतो. संथ उडणारा थिनर घालून मामा ते टाळतात, परंतु ९१ टक्क्यांच्या हवेत त्यालाही मर्यादा आहे.

सिंथेटिक इनॅमलचा विचार पाच मिनिटांपलीकडे गेला नाही. जो रंग रात्रभर चिकट राहतो आणि धूळ ओढतो, त्यात चाळीस थरांचे चित्र होत नाही.

हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करणारे रसायन, घालून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकण्याच्या बाबतीत सर्वांत सरस होता. त्यात रेणू एकमेकांत गुंफले जातात, त्यामुळे पेट्रोल त्याला काही करू शकत नाही. मग संपूर्ण चित्रच पीयूमध्ये का करू नये, हा प्रश्न ग्राहकानेही विचारला. याला दोन कारणे आहेत. हार्डनर कालवल्यावर रंगाचे आयुष्य काही तासांचे असते आणि ०.३ मिलिमीटरच्या नोझलमध्ये तो घट्ट झाला, तर सुई-नोझल दोन्ही फेकावे लागतात. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते श्वसनमार्गाला संवेदनशील करतात, दमा जडवतात, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अगदी अल्प मात्राही त्रास देते. गाडीवर क्लिअर मारणारा माणूस काही मिनिटांत मोकळा होतो. एअरब्रशचा चित्रकार तासन्‌तास नाक कामापासून वीतभर अंतरावर ठेवून बसतो. त्या अंतरावर हार्डनर नको, यावर माझे मत आधीपासून पक्के होते.

उरले दोन पर्याय. एक, थिनरवर चालणारा बेसकोट. तो पातळ, झटकन वाळणारा, मुद्दाम क्लिअरखाली राहण्यासाठीच बनवलेला असतो, आणि रंग जुळवणाऱ्या दुकानात शंभर-शंभर मिलीमध्येही करून मिळतो. दुसरा, खास एअरब्रशसाठी केलेला पाण्यावरचा गाडीचा रंग. तो महाग असतो, मागवावा लागतो, पण बारीक कामाला उत्तम आणि वासाला सौम्य. चित्रकाराने याशिवाय आपले नेहमीचे ट्यूबमधले ॲक्रिलिक सुचवले. "सर, रंग तोच की, फक्त बाटली वेगळी," असे तो म्हणाला. तो प्रामाणिकपणे बोलत होता. ट्यूबचा रंग कागद-कापडासाठी केलेला असतो, त्याची पत्र्यावरची पकड वेगळी असते, हे तोंडी सांगून त्याला पटणार नव्हते.

नमुना पत्र्यांवरची चाचणी

अपघातात गेलेल्या एका मोटारीचे बॉनेट शेडमागे पडून होते. त्याचे चार तुकडे कापून सगळ्यांवर एकसारखा सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग सपाट करणारा थर) आणि काळा बेस मारला. चित्रकाराने प्रत्येक तुकड्यावर एकच मशाल आणि एकच धुक्याचा पट्टा काढायचा, पण चार वेगवेगळ्या रंगांत, असे ठरवले. या कामात पाच दिवस जातील म्हणून मामा नाराज होते. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात आम्ही घेतलेला हा सर्वांत बरा निर्णय.

एनसीच्या तुकड्यावर धुके अर्ध्या तासात राखेसारखे दिसू लागले. झाक हवेची की चित्राची, हेच ओळखता येईना. बेसकोटचा तुकडा देखणा झाला, कडा धारदार आल्या. मात्र शेडमध्ये दार अर्धे बंद करून चाळीस मिनिटे तो रंग मारल्यावर चित्रकार डोके धरून बाहेर येऊन बसला, आणि मशालीची एक चुकलेली ज्वाळा थिनरने पुसायला गेल्यावर खालचा काळाही फडक्यावर आला. पाण्यावरच्या गाडीच्या रंगात त्याचा हात मोकळा चालला. रंग दुधाइतका पातळ करून, नायलॉनच्या कापडातून गाळून, २० ते २५ पीएसआय दाबावर मारला, तेव्हा एक गंमत दिसली जी मी त्याआधी इतक्या स्पष्टपणे पाहिली नव्हती. काळ्यावर पांढऱ्याचा अतिशय विरळ फवारा पडला की तो पांढरा न दिसता निळसर दिसतो. रात्रीच्या धुक्याचा तो निळा आम्हाला बाटलीतून काढावाच लागला नाही. त्याउलट मशालीचा उजेड आधी पांढऱ्याने भरून, त्यावर पारदर्शक नारिंगी चढवल्याशिवाय पेटला नाही. थेट काळ्यावर मारलेला नारिंगी विटकरी होऊन बसला.

या तिसऱ्या तुकड्याच्या अर्ध्या भागावर आम्ही मुद्दाम तीन तासांत क्लिअर मारले आणि उरलेला अर्धा एसीच्या खोलीत एक दिवस ठेवून मग मारले. हाताला दोन्ही भाग सारखेच कोरडे लागत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या अर्ध्यात मशालीच्या जाड भागावर दुधाळ डाग आणि टाचणीच्या टोकाएवढे फोड आले होते. आत अडकलेले पाणी बाहेर पडायला वाट शोधत होते. दुसरा अर्धा स्वच्छ होता. पाण्यावरचा रंग वरून वाळतो आणि आतून वाळतो यांत किती अंतर असते, हे त्या एकाच पत्र्यावर शेजारी-शेजारी दिसत होते.

नंतर ब्लेडने बारीक चौकटी कापून त्यावर चिकटपट्टी दाबली आणि ओढली. ट्यूबच्या ॲक्रिलिकचा तुकडा पट्टीबरोबर सालपटासारखा निघाला. चित्रकार काही बोलला नाही, पट्टी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिला. शेवटी पंपावरून आणलेल्या पेट्रोलचा बोळा प्रत्येक तुकड्यावर पाच मिनिटे ठेवला. क्लिअर नसलेल्या एनसीचा रंग बोळ्यावर आला. एक दिवसाच्या क्लिअरवर अंधूक कडे उमटले, आणि पुढे तोच प्रयोग सात दिवसांच्या क्लिअरवर केला, तेव्हा काहीही झाले नाही. या शेवटच्या दोन निकालांतला फरक मी वहीत लिहून ठेवला आणि नंतर, गरजेच्या वेळी, वाचला नाही.

निर्णय

कोणता रंग घ्यावा याचे उत्तर आम्हाला अखेर जागेने दिले. शेडमध्ये आर्द्रता ९१ टक्के, तर एसी चार तास चालवल्यावर ऑफिसच्या खोलीत ५६ टक्के होती; एसी हवा गार करताना तिच्यातले पाणीही काढून टाकतो. त्या बंद खोलीत थिनरचा बेसकोट मारणे म्हणजे आगीला आणि गुदमरण्याला आमंत्रण. पाण्यावरचा रंग मात्र, मास्क लावून आणि मधूनमधून दार उघडून, तिथे मारता येत होता. म्हणून तळाचा काळा थिनरच्या बेसकोटमध्ये शेडमध्ये मामांनी मारायचा, त्यावर पीयू क्लिअरचा एक थर देऊन तो घासायचा, चित्र पाण्यावरच्या रंगात खोलीत व्हायचे आणि शेवटचे पीयू क्लिअर पुन्हा शेडमध्ये, असे ठरले. मधल्या क्लिअरचा हेतू असा की चित्र चुकले तर ओल्या फडक्याने पुसता यावे आणि खालचा काळा शाबूत राहावा.

मामांचा आक्षेप सरळ होता. तळ थिनरचा, चित्र पाण्याचे, वर पुन्हा पीयू. तीन वेगळ्या जातींचे रंग एकावर एक घातले की कुठला थर कधी दगा देईल सांगता येत नाही, त्यापेक्षा एकाच कंपनीचे एकाच जातीचे सगळे घ्यावे. या आक्षेपात तथ्य होते आणि आहे. चाचणीचा तुकडा डोळ्यांसमोर नसता तर मीही त्यांचेच ऐकले असते.

शेवटचे क्लिअर गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बूथमध्ये ६० अंशांवर अर्धा तास तापवून घ्यावे, हा पर्यायही त्या वेळी समोर आला होता. ने-आण आणि भाडे यांमुळे अंदाजपत्रक वाढत होते, म्हणून मी तो बाजूला ठेवला.

प्रत्यक्ष काम

टाकी गाडीवरून उतरवली, पेट्रोल काढले, साबणाच्या पाण्याने आतून दोनदा धुऊन पूर्ण वाळवली आणि तोंडे बंद केली. पुढे वाळवणीसाठी दिवे लावायचे होते, आणि रिकामी वाटणारी टाकी पेट्रोलच्या वाफेमुळे भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते. खालच्या बाजूला, सीटखाली जाणाऱ्या भागावर, थिनरचा फडका घासला तेव्हा काळा रंग फडक्यावर उतरला आणि त्याखाली न विरघळणारा कंपनीचा थर लागला. म्हणजे वरचे जुने काम एनसीचे होते.

इथे पहिला खरा निर्णय होता : सगळा एनसी काढायचा, की घासून वरून सरफेसरने झाकायचा. मी काढायला सांगितला. मामांनी बहुतेक टाकी स्वच्छ केली, पण झाकणाभोवतीच्या खोलगट भागात घासायचा पेपर नीट पोचत नाही आणि तिथे जुनी लांबीही (खड्डे भरायची पुट्टी) भरलेली होती, म्हणून तेवढा भाग सरफेसरखाली राहू दिला. २९ जूनला काळा बेस मारला आणि दहा मिनिटांत नेमक्या त्या खोलगट भागाच्या कडेला रंगाने साय धरल्यासारख्या सुरकुत्या घेतल्या. बेसकोटच्या थिनरने सरफेसरमधून झिरपून खालचा एनसी फुगवला होता. भाग पत्र्यापर्यंत मोकळा करून, प्रायमर, लांबी, सरफेसर असे सगळे पुन्हा करण्यात दोन दिवस गेले. मामांना मी काही बोललो नाही. तपासणी न करता पुढच्या थराला होकार मीच दिला होता.

२ जुलैला काळा आणि त्यावरचे क्लिअर झाले, दुसऱ्या दिवशी १००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासून ते निस्तेज केले. ४ ते ६ जुलै या तीन दिवसांत चित्रकाराने मिळून सुमारे चौदा तास काम केले. डोंगरांच्या कडांसाठी त्याने हाताने फाडलेला कागद आडोसा म्हणून धरला, कारण कापलेल्या कागदाची कड डोंगरासारखी दिसत नाही. पावसाच्या रेघा त्याने रंगाने काढल्याच नाहीत. ताज्या थरावर ब्लेडच्या टोकाने हलके ओरखडे काढून खालचा काळा उघडा केला. रंग टोकाशी वाळून फवारा फाटू लागला की दर काही मिनिटांनी सुईचे टोक ओल्या ब्रशने पुसावे लागे. एसीच्या कोरड्या हवेचा हा तोटा आम्ही धरलेला नव्हता, आणि त्यात वेळ गेला.

चित्र संपल्यावर ते पूर्ण दोन दिवस खोलीतच ठेवले. ८ जुलैला दिवसभर झड लागली होती, म्हणून क्लिअर पुढे ढकलले. ९ तारखेला दुपारी उघडीप मिळाली. इथे दुसरा निर्णय होता. चित्रावर क्लिअर दोन टप्प्यांत देणे उत्तम : आधी दोन हात (थर), ते पक्के झाल्यावर ८०० च्या पेपरने सपाट घासून पुन्हा दोन हात. त्याने चित्राच्या कडा बुडतात आणि पुढे घासायला जाडी शिल्लक राहते. पण त्यासाठी आणखी किमान दोन दिवस लागले असते. मी एकाच टप्प्यात तीन हात द्यायला सांगितले.

क्लिअर मारताना मामांनी नेहमीप्रमाणे रुमाल बांधला. तो सोडायला लावून वायूशोषक डबी असलेला मास्क लावायला लावला, बाकीच्यांना बाहेर काढले आणि पंखा पुढे तासभर चालू ठेवला. हे पुरेसे नव्हते, हे मला माहीत आहे. आयसोसायनेटसाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो आमच्याकडे नव्हता.

परिणाम

११ जुलैच्या संध्याकाळी गाडी गेली. ग्राहक टाकीकडे पाहत शेडमध्ये अर्धा तास थांबला होता. महिनाभर पेट्रोल सांडू न देणे, सांडल्यास लगेच पाण्याने धुणे, पॉलिश न लावणे आणि टाकीवर काही न बांधणे, अशा सूचना तोंडी दिल्या. क्लिअर त्या वेळी दोन दिवसांचे होते.

१८ जुलैला तो परत आला. चित्राला पेट्रोलचा काही उपद्रव झाला नव्हता. परंतु मोहिमेत त्याने टाकीवर चुंबकाची बॅग बसवली होती, वरून प्लास्टिकचे पावसाळी आवरण, आणि सात-आठ तास ती तशीच होती. बॅगच्या तळाच्या कापडाची वीण क्लिअरवर डाव्या बाजूला जशीच्या तशी उमटली होती, धागा न्‌ धागा मोजता यावा इतकी. कच्च्या क्लिअरमधला उरलासुरला थिनर प्लास्टिकखाली कोंडला गेला आणि मऊ थराने वरचा दाब उचलला. "दादा, सामान कुठं ठेवणार मग मी?" त्याने विचारले, आणि हा प्रश्न रास्त होता. ज्या कामासाठी त्याला ११ तारखेची गाडी हवी होती, नेमके तेच मी त्याला करू नको म्हणून सांगितले होते.

ऑगस्टअखेरपर्यंत थांबून, १५०० आणि २००० च्या पेपरने तो ठसा घासला आणि बफ केले. वीण गेली, पण तीन हातांचे क्लिअर पातळ असल्यामुळे एका मशालीच्या टोकाशी आम्ही रंगापर्यंत पोचलो आणि वाटाण्याएवढा पांढरा ठिपका उघडा पडला. दिवाळीनंतर संपूर्ण टाकी ८०० ने घासून, चित्रकाराकडून ती ज्वाळा दुरुस्त करून घेतली आणि ज्या बूथचे भाडे जूनमध्ये जड वाटले होते, तिथेच दोन हात क्लिअर मारून ६० अंशांवर तापवून आणले. तो खर्च आम्ही सोसला. त्यानंतर एक पावसाळा आणि एक उन्हाळा उलटला असून चित्र जसेच्या तसे आहे. उन्हाकडे तोंड करणाऱ्या उजव्या बाजूचा नारिंगी किंचित उतरल्याची मला शंका येते, पारदर्शक नारिंगी-तांबडे रंग उन्हाला तितके पक्के नसतात, पण ग्राहकाला ते दिसत नाही.

आज हेच काम आले तर

रंगांची निवड मी आजही तीच करीन, पण तारीख वेगळी देईन. जूनच्या त्या आठवड्यात ग्राहकाला सरळ सांगायला हवे होते की चित्र ११ जुलैपर्यंत होईल, गाडी सामान वाहण्यासारखी ऑगस्टपर्यंत होणार नाही, आणि मोहिमेला जुनी टाकी बसवून जा. अशी टाकी आमच्याकडे दुसऱ्या एका गाडीची पडून होती आणि ती त्याच्या गाडीला बसली असती. त्या वेळी हे कुणालाच सुचले नाही, कारण आम्ही सगळे रंगाचाच विचार करत होतो.

झाकणाभोवतीचा जुना एनसी पहिल्याच दिवशी पत्र्यापर्यंत काढला असता तर वाचलेल्या दोन दिवसांत क्लिअरचा दुसरा टप्पा बसला असता, आणि मग ठसा घासताना ज्वाळा उघडी पडली नसती. पीयू क्लिअर आता आम्ही शेडमध्ये मारत नाही. चित्राचे प्रत्येक काम बूथमध्ये जाते आणि त्याचे भाडे अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहिलेले असते. दोन ग्राहक त्यामुळे परत गेले.

मामा मात्र अजून आपल्या मतावर ठाम आहेत. बूथ वापरायचाच असेल तर तिथली हवा बदलती असते, धूर ओढून घेतला जातो, मग चित्रकाराला तिथेच बेसकोटमध्ये काम करू द्यावे आणि पाण्याच्या रंगाची दोन दिवसांची वाट पाहणे वाचवावे, असे ते म्हणतात. थंडीत, कोरड्या हवेत, त्यांचे म्हणणे खरेही ठरेल. त्यासाठी एकाच बुलेटची दोन साइड पॅनेल बाजूला काढून ठेवली आहेत. डिसेंबरमध्ये एक त्यांच्या पद्धतीने आणि एक चित्रकाराच्या पद्धतीने रंगवायचे आहे.